लेख अडतो तेव्हा आधी काय तपासायचं, नंतर काय

"काही सुचत नाहीये" ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे बिघाड वेगवेगळे असतात. नाशिकमध्ये नियमित लिहिणाऱ्या मंडळींचे खर्डे मी बरीच वर्षं वाचते आहे. कुणी शेतीवर लिहितं, कुणी खाण्यावर, कुणी जुन्या नाशिकवर. अडलेला लेख माझ्याकडे येतो तेव्हा मी उपाय सांगण्याआधी एवढंच विचारते: नेमकं काय होतंय ते सांग. म्हणून इथेही लक्षणं आधी.

लक्षणं

- विषय आहे, माहितीही आहे, पण पहिलं वाक्य लिहून खोडणं चालू आहे. तास गेला तरी पान कोरंच.
- सुरुवात झटकन झाली आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाला लेख थांबला. दोन दिवस उघडून बघताय, पुढे सरकत नाही.
- विषयच नाही. जो सुचतो त्यावर "हे सगळ्यांनी लिहून झालंय" असं वाटतं.
- लिहून होतं, पण मागच्या महिन्यातलाच लेख पुन्हा लिहिल्यासारखा वाटतो.
- लिहायला बसावंसंच वाटत नाही. वाचनही नको, माणसंही नकोत.

पहिल्या दोन तक्रारी लेखाच्या बांधणीतल्या आहेत, बहुतेक वेळा एका बैठकीत सुटतात. तिसरी आणि चौथी साठ्याशी, म्हणजे मनात जमलेल्या अनुभव-वाचनाशी, निगडित आहे, तिला काही आठवडे द्यावे लागतात. पाचवी निराळी आहे. ती तुमची असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "कुठे थांबायचं" हा शेवटचा भाग वाचा.

बाकीच्यांनी खालच्या क्रमानेच जा. सगळ्यात सोपं आणि बिनखर्चाचं आधी ठेवलंय. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. "माझ्यात आता काही उरलं नाही" इथपर्यंत पोचतात आणि नंतर कळतं, बिघाड कळफलकाचा होता.

१. बोटं अडतात की विचार?

फोनवर रेकॉर्डिंग लावा. समोर घरातलं कुणीतरी बसलंय असं धरून तोच विषय पाच मिनिटं बोला. बोलणं सरळ वाहत असेल तर तुमचं लिखाण अडलेलं नाही, टायपिंग अडलंय.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही तपासणी फार महत्त्वाची आहे. आपल्यातले बरेच जण इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवतात. रफार चुकीच्या जागी बसतो, "ज्ञ" भलताच येतो, "ऱ्या" साठी तीनदा खटपट होते. प्रत्येक दुरुस्तीला विचाराचा धागा सुटतो. त्यावर ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती. वाक्य पुरं व्हायच्या आत आपण "पाणि" की "पाणी" यात गुंततो आणि त्या वाक्यात पुढे काय येणार होतं ते निसटून जातं.

उपाय: पहिला खर्डा कागदावर हाताने लिहा किंवा बोलून टाइप करा. शुद्धलेखन दुसऱ्या फेरीत. ते महत्त्वाचं आहेच, म्हणून त्याला स्वतंत्र फेरी द्यायची. लांबचा उपाय हवा असेल तर इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, रचना मराठीच्या वर्णमालेला धरून आहे. सुरुवातीचे काही आठवडे वेग कमी होतो, पण मग कायमचं सुटतं.

जाता जाता हेही बघून घ्या: रात्रीची झोप झालीय का, पोटात काही आहे का, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलाय का.

२. लेखाला क्रियापद आहे का?

काय लिहायचंय ते एका वाक्यात सांगा आणि त्या वाक्यात क्रियापद असू द्या. "नाशिकची रंगपंचमी" हे शीर्षक झालं. त्यात काही घडत नाही, म्हणून पुढे काय लिहायचं ते कळत नाही. "वर्षभर बुजवून ठेवलेली रहाड (रंगाचा जमिनीतला हौद) रंगपंचमीला उघडतात तेव्हा गल्लीतली माणसं ती कामं कशी वाटून घेतात" असं म्हटलं की लेख स्वतःच प्रश्न विचारू लागतो. खणतं कोण? पाणी कुठून येतं? रंग उकळायला कधी बसतात? मान कुणाचा? जुन्या तांबट गल्लीत किंवा तिवंधा चौकात उभं राहून दोन जणांना विचारलं तरी अर्धा लेख हातात येतो.

विषय जितका मोठा तितकं लिखाण अडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. "गोदावरीचं प्रदूषण" घेऊन बसलेला माणूस आठवडाभर बसून राहतो. तोच "बुधवारचा बाजार उठल्यावर गंगेवर (गोदाकाठी) सकाळी काय उरतं" हा विषय घेतो तेव्हा एका संध्याकाळी लिहून मोकळा होतो, आणि प्रदूषणाबद्दल त्याला जे म्हणायचं होतं ते त्यात आपसूक येतं.

३. कोणता नियम पाळताय?

तुमच्याकडून नकळत पाळले जाणारे नियम कागदावर लिहून काढा. पहिलं वाक्य जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवात प्रसंगानेच करायची. लेख अमुक शब्दांचा झालाच पाहिजे. प्रत्येक मुद्द्याला उदाहरण हवंच.

माइक रोझ या अमेरिकी संशोधकाने १९८० साली विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांचं लिखाण अडत होतं, निम्म्यांचं नव्हतं. अडणाऱ्यांकडे कौशल्य कमी नव्हतं. त्यांनी असे नियम घट्ट धरले होते आणि परिस्थिती बदलली तरी ते सोडत नव्हते. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण कामाला येत नाही म्हटल्यावर ते बाजूला ठेवता येत होते.

पहिलं वाक्य अडत असेल तर ते लिहूच नका. जो परिच्छेद सगळ्यात स्पष्ट दिसतोय तिथून सुरू करा, मग तो लेखात सातवा असला तरी चालेल. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहा. लेख कुठे पोचला हे कळल्याशिवाय वाचकाला कोणत्या दारातून आत आणायचं हे कसं कळणार?

४. मधेच थांबलाय? तिथे एक माहिती कमी आहे

दुसऱ्या लक्षणाचा हा नेहमीचा उलगडा. लेख जिथे थांबला तिथे बोट ठेवा आणि विचारा, या जागी मला काय माहीत नाही?

आमच्यातल्या एकांचा कांद्यावरचा लेख असाच थांबला होता. "भाव वाढले, शेतकऱ्याला मिळत नाहीत" इथपर्यंत आले आणि पुढे फक्त चीड उरली. ते शब्द शोधत होते. खरं तर उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत किती टिकतो आणि त्यात वजन किती घटतं, ही माहिती त्यांच्याजवळ नव्हती. निफाडजवळच्या एका शेतकऱ्याच्या चाळीत जाऊन आले. जमिनीपासून उंच उचललेला तळ, वारा खेळायला ठेवलेल्या फटी, वरच्यावर काढून टाकावे लागणारे सडके आणि कोंब आलेले कांदे त्यांनी पाहिले. उन्हाळ कांदा काही महिने टिकतो, खरिपाचा लाल कांदा साठवणुकीला टिकत नाही, म्हणून लासलगावच्या बाजारात पावसाळ्याच्या शेवटी काय घडतं ते या चाळीतल्या शिल्लक मालावर ठरतं. एवढं समजल्यावर लेख त्याच दिवशी पुरा झाला.

लगेच जाता येत नसेल तर मोकळ्या जागी चौकटी कंसात "इथे भाव बघणे", "इथे साल तपासणे" असं लिहा आणि पुढे चला. माहिती शोधायला लेख सोडून उठलात की परत येणं अवघड होतं.

दिवसाचं काम संपवताना परिच्छेद पुरा करू नका. पुढचं वाक्य काय आहे हे ठाऊक असताना उठा. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या ते वाक्य लिहून होतं आणि मग पुढचं येतं.

५. उठून चालून या

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी चालण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना एकाच गोष्टीचे अधिक आणि नवे उपयोग सुचले, अगदी ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चाललं तरी. पण ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही.

म्हणून विषय शोधायचा असेल, कोन शोधायचा असेल तर कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर चक्कर मारा, कानात काही न घालता. वाक्य घासूनपुसून नेमकं करायचं असेल तर खुर्चीवरच बसा.

६. वेळ ठरलेली आहे का?

मूड येण्याची वाट बघणाऱ्यांचं लिखाण जास्त अडतं. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तपासलं. वाटेल तेव्हाच लिहा असं सांगितलेल्या प्राध्यापकांपेक्षा ठरल्या वेळी लिहिणं बंधनकारक असलेल्यांनी जास्त पानं लिहिली. नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. म्हणजे सुचतं तेव्हा लिहितो हे जितकं खरं, तितकंच लिहितो तेव्हा सुचतं हेही.

रोज अर्धा तास पुरे. कंपनीच्या पाळीत काम करणाऱ्या सातपूर-अंबडच्या मंडळींना "रोज सकाळी सहा" जमत नाही. त्यांनी घड्याळाऐवजी कामाला वेळ जोडावी: पाळी संपवून घरी आल्यावर चहा, आणि चहानंतर अर्धा तास.

७. काडीत घड आहे का?

इथपर्यंत सगळं करून झालं आणि तरी विषय नाही, किंवा जो येतो तो जुनाच वाटतो, तर साठा बघा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणाचं मूळ जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर घड दिसतात, पण ते त्या काडीच्या डोळ्यात (जिथून कोंब फुटतो तिथे) तयार होतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. त्या काळात ऊन कमी पडलं तर डोळ्यात घडच धरत नाही. मग ऑक्टोबरमध्ये कितीही मेहनत घ्या, नुसता पाला येतो. म्हणून जाणते बागायतदार छाटणीआधी काडी तपासून घेतात. लेखाचंही तसंच आहे. आज सुचत नाही याचं कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत शोधा. किती नव्या माणसांशी बोललात? कोणती नवी जागा पाहिलीत? कामापलीकडचं काय वाचलंत? उत्तर "काही नाही" असेल तर स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण नाही. भरणी सुरू करायची.

वही ठेवा, पण तिच्यात "विषय" लिहू नका. विषयांच्या याद्या महिन्याने वाचल्या तर मेलेल्या असतात. त्याऐवजी या चार गोष्टी लिहा: न सुटलेला प्रश्न, कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं, एखाद्या वस्तूचा आजचा भाव, आणि ज्याच्याशी तुम्ही असहमत आहात असं कुणाचं तरी मत. यातलं कुठलंही एक दुसऱ्या एकाला भेटलं की लेख उभा राहतो.

"सगळ्यांनी लिहून झालंय" ही भीती मात्र जागेबद्दलची असते. प्रश्न बदलला की तीच जागा नवी होते. पांडवलेणी घ्या. किती पायऱ्या, वरून दिसणारं शहर, पावसाळ्यात हिरवळ, हे सगळ्यांनी लिहिलंय. आता दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख घ्या. नहपान राजाचा हा जावई. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या कपड्यांचा आणि इतर खर्च भागवायचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही कायम ठेव, आणि ती विणकरांकडे! आता पतसंस्थेत काम करणाऱ्या कुणी हा लेख लिहिला तर? येवल्यात पैठणी विणणाऱ्या घरातल्या मुलीने लिहिला तर? पांडवलेणी एकच, पण हे दोन लेख एकमेकांसारखे असूच शकत नाहीत.

तारखा धरून लिहिणाऱ्यांनाही हेच सांगते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड ही नावं दरवर्षी सगळीकडे येतात आणि यायलाच हवीत. पण तो लढा सुमारे पाच वर्षं चालला. बाहेरगावाहून आलेले सत्याग्रही राहत कुठे होते? त्यांच्या भाकरी कोण थापत होतं? एवढा एक प्रश्न घेऊन जुनी वर्तमानपत्रं आणि आठवणी वाचायला बसा. १८४० साली सुरू झालेलं सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आपल्या गावात आहे. ग्रंथपालांना "अमुक विषयावर काही आहे का" असं न विचारता "अमुक गोष्ट मला कुठे सापडेल" असं विचारा, उत्तर फार वेगळं मिळतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० ला जन्मले, हे माहीत नसलेला नाशिककर विरळा. मुंबईत पहिला चित्रपट केल्यावर त्यांनी कामाला नाशिक का निवडलं, हा लेख मी अजून शोधते आहे.

साठा भरायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुसऱ्याचं काम. आपल्या ओळखीच्या एकाला त्याच्या कामातलं असं काही विचारा जे बाहेरच्याला दिसत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पुराचा अंदाज बांधतो, पण पाणी चढू लागल्यावर गंगेवरचा दुकानदार सामान कोणत्या क्रमाने हलवतो? तांब्याचं भांडं घडवणारा माणूस आवाजावरून काय ओळखतो? विचारताना वही उघडी ठेवा आणि मधे बोलू नका. लोक स्वतःच्या कामाबद्दल सुंदर बोलतात.

चॅटबॉटला विषय विचारायची सवय अनेकांना लागली आहे. त्याच्याकडून येणारे विषय आधीच हजार जणांनी लिहिलेले असतात, म्हणून चौथं लक्षण वाढतं. वापरायचाच असेल तर तुमचा पुरा खर्डा देऊन "वाचकाला इथे कोणते प्रश्न पडतील" एवढंच विचारा.

या भरणीला महिना-दीड महिना लागतो. तोवर दर आठवड्याचा लेख चुकला तर चुकू द्या. पाला आणण्यापेक्षा ते बरं.

८. सगळ्यात अवघड: कुणाची भीती वाटतेय?

साठा आहे, वेळ आहे, बोलता येतंय, तरी लिहिताना हात थांबतो. मग विचारा, हा लेख कुणी वाचू नये असं वाटतंय? सासरचे, साहेब, जुने शिक्षक, गावातले लोक. नाव समोर आलं की पुढचं ठरवता येतं. तो लेख फक्त स्वतःसाठी पूर्ण लिहा आणि प्रसिद्ध करायचा की नाही हे दोन आठवड्यांनी ठरवा. लिहिणं आणि प्रसिद्ध करणं एकाच क्षणी करायचं असं ठरवलं की दोन्ही अडतं.

कधी कधी विषयच संपलेला असतो. पाच वर्षं मिसळीवर लिहिणाऱ्या माणसाला आता मिसळीचं कुतूहल उरलं नसेल तर कोणतीही युक्ती चालणार नाही. वाचकांना दोन ओळींत सांगून तो विषय थांबवावा आणि ज्याचं कुतूहल खरंच वाटतं तिकडे वळावं. हे करायला धीर लागतो, कारण ओळखीचे वाचक सुटतात. तरी करावं.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

वरच्या युक्त्या खाली दिलेल्या ठिकाणी चालत नाहीत. तिथे लिखाणाशी झगडणं थांबवा.

मनगट किंवा बोटं दुखतात, मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो: आधी डॉक्टर. चाळिशीनंतर स्क्रीन पाहताना डोकं दुखत असेल तर डोळे तपासून घ्या. जवळचं नीट दिसत नसल्याने वाचन-लिखाण नकोसं होणं हे फार सर्रास घडतं आणि चष्म्याने सुटतं.

लेखात कुणा व्यक्तीवर किंवा संस्थेवर आरोप आहे आणि म्हणून तुम्ही अडखळताय: वकिलाला दाखवा. तुमचं अडखळणं बरोबर आहे.

आणि पाचवं लक्षण. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतंय, तर हा लिखाणाचा बिघाड नाही. वही मिटून ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ओळखीचा कुणी नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, ते पुढे पाठवतील. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ता फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: हे कधीपासून होतंय, झोप किती तास लागते, खाणं कसं आहे, कोणती औषधं चालू आहेत, घरात किंवा कामावर अलीकडे काय बदललं. तेवढं लिहवत नसेल तर सोबत येणाऱ्याला तोंडी सांगा आणि त्यांना लिहू द्या.